टॅपेटची टकटक

मारुतीची व्हॅन १९८४ सालीं भारताच्या रस्त्यांवर आली, पुढें तिला ओम्नी हें नांव मिळालें, आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन कायमचें थांबलें. कारखान्यांतील काम थांबलें तरी गाडी थांबलेली नाहीं. नागपुरांत शाळेचीं मुलें नेणारे, बाजारांतून भाजी आणणारे, मंडपाचें व लग्नाच्या पंगतीचें साहित्य वाहणारे असे कितीतरी लोक अद्याप याच व्हॅनवर आपला संसार चालवितात. अशा एखाद्या जुन्या गाडीच्या पुढच्या आसनाखालून एके दिवशीं बारीक, कोरडी व नियमित अशी टकटक ऐकूं येऊं लागते. मालक दोन दिवस तिकडे दुर्लक्ष करतो, तिसऱ्या दिवशीं गॅरेजांत जातो आणि म्हणतो, "भाऊ, टॅपेट वाजून राहिले. आवाज तेवढा बंद करून द्या."

या मागणींतच पुढील नुकसानीचें बीज असतें. टॅपेटचा आवाज बंद करणें हें अर्ध्या घटकेचें काम आहे. तो कां येतो हें शोधून काढण्यास अर्धा दिवस लागतो. आवाज हा दोषाचा साक्षीदार होय. साक्षीदाराचें तोंड दाबल्यानें गुन्हा नाहींसा होत नाहीं. उलट तो निर्वेधपणें चालूं राहतो. तेव्हां ही टकटक कोठून निघते, तिची परीक्षा कशी करावी, आणि झिजलेला भाग बदलण्याची वेळ आलीच तर कोणती दक्षता बाळगावी, याचा विचार प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकानें करणें अगत्याचें आहे.

प्रथम या अवयवाचें कार्य समजून घेतलें पाहिजे. व्हॅनच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. एक इनलेट, म्हणजे हवा व इंधन यांचें मिश्रण आंत घेणारी. दुसरी एक्झॉस्ट, म्हणजे जळलेला वायु बाहेर सोडणारी. झडप मिटून ठेवण्याचें काम स्प्रिंग करते व ती उघडण्याचें काम कॅमशाफ्ट करतो. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा असून त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरला कीं उंचवट्याचें टोंक वर येतें व मधल्या एका अवयवाला ढकलून झडप उघडतें. फिरण्याच्या गतीचें सरळ ढकलण्यांत रूपांतर करणारा हा जो मध्यस्थ, तोच टॅपेट अथवा लिफ्टर होय.

या मध्यस्थाचीं रूपें मात्र निरनिराळीं आहेत. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीचें १४८९ घन सेंटिमीटरचें जुनें इंजिन घेतलें तर त्यांत कॅमशाफ्ट खालीं, ब्लॉकमध्यें असतो. प्रत्येक कॅमवर लहान पेल्यासारखा एक गोल टॅपेट बसलेला असतो, त्याच्या पोटांत एक लांब सळई उभी असते आणि ती सळई वरच्या रॉकरला उचलते. रॉकर कसा चालतो हें भंडारा-गोंदियाकडील लोकांना सांगावयास नको. धान कांडण्याची ढेंकी त्यांनीं पाहिलेली असते. एका टोंकावर पाय पडला कीं मधल्या आसावर तोलून दुसरें टोंक उचललें जातें. रॉकर ही तशीच एक धातूची लहान ढेंकी आहे. एक टोंक सळईनें उचललें कीं दुसरें टोंक झडपेला खालीं दाबतें.

मारुतीच्या व्हॅनमध्यें ही रचना आणखी आटोपशीर आहे. तिचें इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें व सहा झडपांचें आहे. कॅमशाफ्ट वर, हेडमध्येंच असून तो दांतेरी पट्ट्यानें फिरविला जातो. येथें निराळा लिफ्टर नाहीं आणि सळईही नाहीं. रॉकरचें एक टोंक थेट कॅमवर घासत राहतें व दुसऱ्या टोंकाला बसविलेला स्क्रू झडपेच्या दांडीला दाबतो. मिस्त्री लोक ज्याला व्हॅनचा टॅपेट म्हणतात तो हा रॉकर व हा स्क्रू. नांव जुनेंच राहिलें, अवयव बदलला. पण झिजण्याचा धर्म दोघांचाही एकच आहे.

हा धर्म किती कठोर आहे हें साध्या अंकगणितानें कळतें. इंजिनाच्या दोन फेऱ्या होतात तेव्हां कॅमशाफ्टची एक होते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला १,५०० वेळां, म्हणजे सेकंदाला २५ वेळां उघडते व मिटते. एका तासांत हा आंकडा ९०,००० वर जातो. इतके आघात सोसणाऱ्या दोन धातूंच्या पृष्ठांमध्यें तेलाचा एक पातळ पदर असतो. तो पदर आहे तोंवर झीज नाममात्र होते. तो फाटला कीं धातु धातूला खाऊं लागतो.

झडपेची दांडी व तिला दाबणारा स्क्रू यांमध्यें थोडें अंतर मुद्दाम राखलेलें असतें. इंजिन तापलें म्हणजे झडप, हेड व रॉकर हे सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत. म्हणून कोणत्याही स्थितींत झडपेला पुरतें मिटतां यावें एवढी मोकळीक ठेवावी लागते. व्हॅनमध्यें थंड इंजिनावर हें अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी असतें. थंड इंजिनाचें माप निराळें व गरम इंजिनाचें निराळें, तसेंच इनलेटचें व एक्झॉस्टचें मापही एकच असेल असें नाहीं. त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत जें माप दिलेलें असेल तेंच प्रमाण मानावें. अंदाजानें किंवा दुसऱ्या गाडीच्या मापानें काम करूं नये.

हें अंतर वाढलें तर रॉकर झडपेवर हातोडीसारखा आपटतो व टकटक होते. झडप उशिरां उघडते, लवकर मिटते, आणि इंजिनाचा जोर किंचित् कमी होतो. अंतर कमी झालें तर आवाज मुळींच येत नाहीं. परंतु झडप पुरती मिटत नाहीं, आणि हीच स्थिति अधिक घातक आहे. एक्झॉस्ट झडपेच्या अंगावरून जळता वायु जात असतो. ती आपल्या बैठकीला टेकलेली असते तेवढ्या अल्प काळांत आपल्या उष्णतेचा मोठा भाग हेडला देऊन टाकते. तिला टेकूंच दिलें नाहीं तर ती तापत जाते, फटींतून ज्वाळा निसटते, झडपेची कड जळते आणि त्या सिलिंडरचा दाब नाहींसा होतो. मग हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नसतें. केवळ आवाज थांबावा म्हणून स्क्रू आवळून घेणारा मालक हीच आपत्ति विकत घेत असतो. ज्या इंजिनांतून सूक्ष्म टिकटिक येते त्याची झडप निदान मिटत तरी आहे; अगदीं मुक्या इंजिनाची खात्री मात्र माप घेतल्यावांचून देतां येत नाहीं.

गॅसवर चालणाऱ्या व्हॅनच्या बाबतींत हें विशेष लक्षांत ठेवावें. गॅस हें कोरडें इंधन आहे. दीर्घ काळ त्यावर चाललेल्या जुन्या इंजिनांत झडपेची बैठक झिजून झडप हळूहळू वर सरकूं शकते. झडप वर आली कीं अंतर आपोआप कमी होतें. गाडी दिवसेंदिवस शांत होत जाते, मालक संतुष्ट असतो, आणि एके दिवशीं मुलांनीं भरलेली गाडी ऐन उन्हांत रस्त्यांत उभी राहते. अशा गाडीचें अंतर आवाज येवो वा न येवो, नियमानें तपासलेंच पाहिजे.

आतां परीक्षेकडे वळावें. टकटक ऐकूं आली म्हणजे ती टॅपेटचीच असें गृहीत धरूं नये. पहिली कसोटी तालाची आहे. टॅपेटचा ठोका कॅमशाफ्टच्या तालावर, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या गतीनें पडतो. मंद चालींत तो वेगळा मोजतां येईल इतका सावकाश असतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका इंजिनाच्या प्रत्येक फेरीबरोबर पडतो व तो जड, खोल आणि खालून येणारा असतो. दुसरी कसोटी भाराची. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत जाणत्या मिस्त्रीनें एकेका प्लगची ठिणगी क्षणभर बंद करून पाहिली तर बेअरिंगचा ठोका त्या सिलिंडरपुरता मंदावतो; टॅपेटची टकटक मात्र तशीच राहते, कारण झडप स्फोट होवो वा न होवो, उघडतेच.

तिसरी कसोटी उष्णतेची. एक्झॉस्टच्या जोडणीचें गॅस्केट फुटलें असेल तर तेथूनही टॅपेटसारखाच टकटकाट येतो. परंतु तो थंड इंजिनांत मोठा असतो, धातु तापून फट मिटली कीं कमी होतो, आणि त्या जागीं काजळीची रेघ दिसते. सकाळीं गाडी चालू करतांच दोनचार सेकंद टकटक होऊन ती थांबत असेल तर चिंतेचें कारण नाहीं; तेल वर पोहोंचण्यास तेवढा वेळ लागतो. ती थांबतच नसेल, किंवा इंजिन तापल्यावर वाढत असेल, तर तेलाकडे संशयानें पाहावें. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत जुनें झालेलें किंवा चुकीच्या जातीचें पातळ तेल झिजलेल्या इंजिनांत आपला पदर टिकवूं शकत नाहीं. चौथी गोष्ट जागेची. लांब पेचकसाचें टोंक हेडकव्हरवर ठेवून मूठ कानाशीं धरली तर कोणत्या सिलिंडरवर ठोका अधिक आहे हें कळतें. फिरत्या पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवून हें करावें. उत्तरकाळच्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनाचे इंजेक्टर स्वभावतःच टिकटिक करतात, त्यांना दोष लावूं नये.

एवढी परीक्षा झाल्यावर हेडकव्हर उघडावें. व्हॅनचें इंजिन पुढच्या आसनांखालीं असल्यामुळें आसन उचलून वरचें झांकण काढावें लागतें. इंजिन पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें थंड असावें. एकेका सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितींत आणून फिलर गेजनें अंतर मोजावें. इंजिन २४० अंश फिरविलें कीं क्रमानें पुढच्या सिलिंडरची पाळी येते. मिळालेलीं सहा मापें कागदावर लिहून ठेवावींत. स्क्रू हलविण्यापूर्वीं लिहिलेला हा कागद म्हणजे रोग्याची नाडी आहे. पांच मापें ठीक व एकच फार वाढलेलें असेल तर त्या एका जागीं झीज झाली आहे. सहाही थोडथोडीं वाढलेलीं असतील तर तो बहुधा वापराचा परिणाम असून केवळ अंतर जुळविल्यानें काम भागतें.

येथें एक फसगत होण्याजोगी जागा आहे. माप अगदीं बरोबर बसविलें, नट आवळला, तरी टकटक कायम राहते. याचें कारण असें कीं स्क्रूचें टोंक झडपेच्या दांडीवर आपटून आपटून खोलगट झालेलें असतें. फिलर गेजची पट्टी सपाट असते. ती खड्ड्याच्या दोन कडांवर टेकते आणि तळाचें खरें अंतर तिला सांपडत नाहीं. पट्टी सांगते त्यापेक्षां अंतर अधिकच असतें. बरोबर माप आणि तरीही आवाज, असा प्रकार दिसला म्हणजे स्क्रूला आणखी एक पीळ देण्याचा मोह टाळावा व भाग बाहेर काढून पाहावा. कित्येकदां केवळ तो लहानसा स्क्रू बदलल्यानें सारा उपद्रव थांबतो.

रॉकर काढणें हें कौशल्यापेक्षां शिस्तीचें काम आहे. बॅटरीची तार सोडावी, सर्व स्क्रू सैल करून झडपांवरील भार उतरवावा, आणि पट्टा काढण्याची गरज पडल्यास त्याच्या खुणा आधीं जुळवून घ्याव्यात. रॉकर ज्या दांड्यांवर बसतात ते दोन्ही दांडे दिसावयास सारखे असले तरी एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. म्हणून त्यांची जागा व दिशा खुणेनें नोंदवावी. दांडा सावकाश ओढला कीं रॉकर व मधल्या स्प्रिंगा एकामागून एक सुटतात. बाहेर ओढण्यास जागा अपुरी असेल तर हेड उतरवावें लागतें. एका पुठ्ठ्यावर सहा घरें आंखून प्रत्येक रॉकर आपापल्या घरांत ठेवावा. ज्या रॉकरनें ज्या कॅमवर वर्षानुवर्षें घासून आपला चेहरा घडविला, त्याची अदलाबदल केली तर दोघेही नव्यानें झिजूं लागतात.

नंतर तीन जागा पाहाव्यात. पहिली, कॅमवर घासणारें रॉकरचें तोंड. तें गुळगुळीत व चकचकीत असेल तर ठीक. त्यावर खळगा, टवके किंवा नखाला अडणारी रेघ असेल तर तो रॉकर निकामी समजावा. कानशीनें घासून तो सपाट करण्याचा प्रयत्न करूं नये. वरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला कीं आंतील मऊ धातु थोड्याच दिवसांत खाल्ला जातो. दुसरी जागा रॉकर व दांडा यांमधील भोंक. रॉकर दांड्यावर आडवा डुगडुगत असेल तर तेथें झीज आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे कॅम. मायक्रोमीटरनें प्रत्येक कॅमची उंची मोजून ती पुस्तिकेंतील मापाशीं ताडून पाहावी. निदान तीन इनलेट कॅम आपसांत व तीन एक्झॉस्ट कॅम आपसांत तरी जुळले पाहिजेत. कॅमचें टोंक झिजलें तर झडप पुरेशी उघडत नाहीं, आणि ही उणीव स्क्रू कितीही फिरविला तरी भरून निघत नाहीं. एक्झॉस्ट झडप अपुरी उघडली तर जळका वायु मागें राहतो व इनलेट उघडतांच कार्ब्युरेटरकडे उलटून फटफट आवाज करतो. हें लक्षण दिसल्यास पेट्रोलच्या वाटेंत दोष शोधण्यापूर्वीं कॅम मोजावा.

झिजलेल्या कॅमवर नवा रॉकर बसविणें म्हणजे खडबडीत पाट्यावर नवा वरवंटा घासणें होय. तो अल्पावधींत जुन्याच्या वाटेनें जातो. नव्या कॅमवर जुने रॉकर बसविणेंही तितकेंच अनिष्ट. कॅम खराब असेल तर कॅमशाफ्ट व सर्व रॉकर एकदमच बदलावेत. कॅम चांगला असेल तर मात्र झिजलेला एखादा रॉकर बदलण्यास हरकत नाहीं. दोन हजारांत भागणाऱ्या कामाला कोणी दहा हजारांचें सांगितलें, किंवा याच्या उलट झालें, तर सहा मापांचा कागद व कॅमची उंची हाच निवाड्याचा आधार ठरतो.

अँबॅसडरसारख्या जुन्या रचनेंत हीच परीक्षा निराळ्या वाटेनें करावी लागते. तेथें रॉकरच्या कांहीं नटांवर हेडचाही दाब अवलंबून असतो; म्हणून रेडिएटरमधील पाणी काढून हेडचे सर्व नट क्रमाक्रमानें सैल करावे लागतात, नाहींतर हेड वाकण्याचें भय असतें. रॉकरची जोडणी उतरवून आठही सळया क्रमानें काढाव्यात. मग ब्लॉकच्या बाजूचीं झांकणें उघडलीं कीं टॅपेट वर उचलून घेतां येतात. टॅपेटचा तळ कॅमवर टेकतो. तो चालतांना स्वतःभोंवतीं किंचित् फिरत राहिला तर झीज सर्वत्र सारखी वांटली जाते. फिरणें थांबलें तर एकाच रेषेंत चर पडतो. तळ खोलगट झालेला किंवा टवके उडालेला टॅपेट बदलावा, आणि त्याच्या खालचा कॅम हात घालून व दिव्याच्या उजेडांत अवश्य पाहावा.

नवा भाग बसविण्यापूर्वीं जुना कां झिजला याचें उत्तर मिळालें पाहिजे. बहुतेक वेळां तें उत्तर तेलांत सांपडतें. रॉकरचे दांडे पोकळ असतात व त्यांच्या बारीक भोंकांतून तेल कॅमपर्यंत येतें. तेल बदलण्यांत महिनोन्महिने टाळाटाळ झाली म्हणजे त्याचा काळा राळेसारखा गाळ होऊन हीं भोंकें बुजतात. वरचा भाग तेलाच्या वाटेच्या शेवटीं असल्यामुळें उपासमार प्रथम त्याचीच होते. बारीक तारेनें व दाबाच्या हवेनें प्रत्येक भोंक मोकळें करावें. हें न करतां नवे रॉकर बसविले तर पैसे पाण्यांत गेले असें समजावें. जोडणी करतांना प्रत्येक घासणाऱ्या पृष्ठावर तेल चोळावें, हेडकव्हरचें गॅस्केट नवें घालावें, अंतर पुन्हां मोजावें, आणि स्क्रू एका हातानें स्थिर धरून दुसऱ्या हातानें नट आवळावा. नट आवळतांना स्क्रू फिरला तर सारें माप बिघडतें.

नवा कॅमशाफ्ट व त्यावरील नवे टॅपेट बसविले असतील तर पहिलीं १५-२० मिनिटें निर्णायक असतात. अशा इंजिनाला मंद चालींत ठेवूं नये. तें मिनिटाला सुमारें २,००० फेऱ्यांच्या गतीनें चालवावें, म्हणजे कॅमवर तेलाचा भरपूर शिडकावा होऊन दोन्ही पृष्ठें एकमेकांशीं नीट जुळतात. तेलाच्या दाबाचा दिवा मात्र विझलेला असलाच पाहिजे. तो पेटला तर तत्क्षणीं इंजिन बंद करावें. जुन्या धाटणीच्या टॅपेटला झीजरोधक जस्तयुक्त द्रव्य असलेलें तेल मानवतें. अगदीं आधुनिक गाड्यांसाठीं केलेल्या कांहीं तेलांत तें कमी असतें. म्हणून महागडें तेल तेंच उत्तम, असें न मानतां गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें तेल घ्यावें.

कांहीं इंजिनांत तेलाच्या दाबानें आपलें अंतर आपणच भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टर असतात. त्यांना स्क्रू नसतो. ते वाजूं लागले तर तेलाची पातळी, स्वच्छता व दाब प्रथम पाहावा. तेल बदलल्यावर थोड्या दिवसांत आवाज गेला नाहीं तर लिफ्टर बदलावा.

व्हॅनच्या मालकाला हें सारें काम स्वतःच्या हातानें करतां येईलच असें नाहीं, आणि तशी आवश्यकताही नाहीं. परंतु गॅरेजांत काय विचारावें हें त्याला कळलें पाहिजे. "आवाज बंद करा" असें म्हणण्याऐवजीं "सहा झडपांचीं अंतरें किती निघालीं, कॅमची उंची किती भरली आणि वर तेल येतें कीं नाहीं" असें त्यानें विचारावें, आणि उत्तर एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें. पुढच्या वेळीं तीच वही उघडली कीं कोणतें अंतर वाढत आहे व कोणतें गुपचूप कमी होत आहे, हें दिसून येतें. गाडी जुनी झाली म्हणून तिच्यावर पोट भरणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाहीं. दर सकाळीं दुसऱ्यांचीं मुलें ज्याच्या भरंवशावर गाडींत बसतात, त्याला चार आण्यांचा फिलर गेज महाग पडावा असें कोणीही म्हणणार नाहीं.